निर्लेखन

मधल्या खोलीची तुळई रात्री करकरायला लागली
तेव्हा मी तिसरी-चौथी लिंबाखाली हलवली
आणि कुलपाची कडी गंजून गळालेली, म्हणून
दार सुतळीनं बांधलं.

खोली पाडायला निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो.
प्रस्तावाला ठराव, ठरावाला कोरम.
शनिवारी साडेदहाला सभा लावली, सूचनावही फिरवली.
तेरांतले तिघं आले,
त्यातला एक नातवाला न्यायला.
पुढच्या शनिवारी दोघं.
केंद्रप्रमुख ढोबळे सर फोनवर म्हणाले,
घरोघर जाऊन सह्या घ्या मॅडम, सगळेच घेतात.
मीही घेतल्यात. सतरा वर्षं घेतल्यात.

पण हुणसेवाडी रोज पहाटे सहाला
कुणी न बोलावता एका जागी जमते.
तर मी इतिवृत्ताची वही पिशवीत घालून
डेअरीवर जाऊन रांगेत उभी राहिले.
सिद्धगोंडा फॅट लावत होता : तीन सात, चार एक.
माझ्या हातात किटली नाही हे बघून म्हणाला,
अक्कोरे, तुमचं किती लिटर?
मी म्हटलं, तेरा सह्या.

मग काट्याशेजारी, कॅनांच्या खडखडाटात,
मी विषय क्रमांक एक मोठ्यानं वाचला.
कुणी म्हणालं, खोली आमच्या बापानं बांधली श्रमदानात.
कुणी म्हणालं, जागा बाळगोंडाच्या आज्यानं दिली तोंडी,
कागद कुठाय?
बाळगोंडा किटली खाली ठेवून म्हणाला, कागद मी आहे.
नीलव्वा करजगी, आमच्या अध्यक्ष,
शेळीच्या दुधाचा तांब्या कमरेवर तोलत विचारत्या झाल्या :
निर्लेखन म्हणजे काय?
म्हटलं, सरकारच्या वहीतून खोली खोडायची.
त्या थांबल्या.
ती शिकवतीस लिहायला, आणि हे खोडायला?
मला उत्तर आलं नाही. सिद्धगोंडा म्हणाला, पुढचा नंबर.

अकरा सह्या, दोन अंगठे.

जतला पंचायत समितीत, आवक टेबलाशी,
लिपिक भाऊसाहेबांनी कागद उजेडाला धरला.
हा डाग कसला?
दुधाचा.
अध्यक्षांची सही कन्नडमध्ये आहे.
अध्यक्षच कन्नडमध्ये आहेत, मी म्हटलं,
आणि वाटलं, आता प्रस्ताव गेला.
पण ते हसले, आणि हसता हसताच म्हणाले,
आठ-अ जोडलेला नाही. तीन प्रती लागतील.
मी त्या महिन्यात जतला पाच खेपा केल्या.
सहाव्या खेपेला नीलव्वा बरोबर आल्या,
गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात चप्पल काढून गेल्या
आणि बसल्या. कुणी बसा म्हणायच्या आत.
साहेब बराच वेळ बोलले : निधी, आराखडा, प्राधान्यक्रम.
नीलव्वांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळून :
एन अंतार्री साहेब्रु?
काय म्हणतायत साहेब.
मी दोन शब्दांत सांगितलं. साहेबांनाही ते ऐकू गेलं.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

अभियंता आला एका मंगळवारी, ऊन कलल्यावर.
मोटारसायकलच्या किल्लीनं भिंत वाजवली,
गिलाव्याची पोळी त्याच्या बुटावर पडली.
चौकटीवरच्या खुणा बघून थांबला. हे काय?
उंची, म्हटलं. दर जूनला.
त्यानं सगळ्यात खालच्या रेघेवर पंजा टेकवला,
काढला, रुमालाला पुसला,
आणि लिहिलं : आयुर्मान संपलेले.

मंजुरी आली. पाडायची.
बांधायची पुढच्या आराखड्यात, निधी उपलब्धतेनुसार.

हे वाचायला मी पुन्हा सहाला डेअरीवर गेले.
शेवटपर्यंत वाचलं, 'निधी उपलब्धतेनुसार' दोनदा,
कारण पाठीमागच्यांना ऐकू आलं नाही.
कुणी काही बोललं नाही. काटा शून्यावर आला.
मग बाळगोंडा म्हणाला, चौकट मोडू नका,
ती सरळ उपसून घेऊ.
नीलव्वांनी हात पुढे केला, पेन द्या म्हणून,
आणि मी वही उघडली :
विषय क्रमांक दोन.